जिप्सी उचलली आणि क्रॉस टिकेनात : लिफ्टनंतर परत परत येणारी थरथर

तक्रार जवळजवळ प्रत्येकाची सारखीच असते. जुनी जिप्सी, खाली दोन-तीन इंचांचं लिफ्ट किट, वर मोठे टायर. पहिले काही आठवडे गाडी झकास. मग साठच्या आसपास स्टिअरिंग हातात नाचायला लागतं, किंवा सत्तरच्या पुढे बुडाखालून घूं घूं आवाज येतो. गॅरेजवाला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे फिरती ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे लवचीक सांधे, बदलतो, आवाज जातो. दोन-चार महिन्यांत पुन्हा येतो. पुन्हा क्रॉस. तिसऱ्या वेळी कोणीतरी सांगतं, "साहेब, स्टिअरिंग डँपर टाका, बसून जाईल." डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा आडवा शॉक) टाकला की थरथर खरंच बसते. आणि मग एके दिवशी घाटात उतरताना, खड्ड्यावरून, एकदम उसळून येते.

यात क्रॉसच्या कंपनीचा दोष क्वचितच असतो. दोष कोनांचा असतो. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत लिफ्ट म्हणजे गाडी फक्त वर जात नाही, ॲक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. हा फिरलेला ॲक्सल मोजल्याशिवाय कोणताही सुटा भाग बदलणं म्हणजे पैसे घालवणं. खालचं सगळं मारुती जिप्सी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, १९८५च्या अखेरीस आलेल्या पहिल्या गाड्यांपासून जिप्सी किंगपर्यंत, कारण चारही कोपऱ्यांत पाटे आणि दोन्हीकडे अखंड ॲक्सल ही मांडणी शेवटपर्यंत तीच राहिली. महिंद्राच्या जुन्या पाटेवाल्या जीपलाही तत्त्व हेच लागू पडतं, आकडे तेवढे वेगळे.

आधी ठरवा : थरथर कुठली?

दोन वेगळ्या तक्रारी लोक एकाच शब्दात सांगतात आणि तिथेच घोळ होतो. साधं गणित करू. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७० सेंमी, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण सव्वादोन मीटर जाते. ताशी ६० किमी वेगाला चाक सेकंदाला सात-आठ फेऱ्या मारतं. डिफरन्शियलमुळे प्रोपेलर शाफ्ट त्याच्या सुमारे चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला तीसेक फेऱ्या. आणि क्रॉसच्या कोनामुळे येणारा झटका शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोनदा येतो, म्हणजे सेकंदाला साठेक.

याचा उपयोग असा : चाकाची थरथर सावकाश, शाफ्टची झपाट्याची. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलतंय आणि ते हलणं डोळ्यांना दिसतंय, तर भानगड चाकांची किंवा पुढच्या ॲक्सलची. सीटखाली, फ्लोअरवर, गिअरच्या दांड्यात एकसुरी गुणगुण आहे, आरसा धूसर दिसतोय, पण स्टिअरिंग सरळ आहे, तर शाफ्टची. दोन्ही एकदम असतील तर दोन्ही आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

शाफ्टचीच असेल तर कुठला शाफ्ट हेही पाना हातात घेऊन ठरवता येतं. फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर फ्री करून पळवा, पुढचा शाफ्ट थांबतो. नसतील किंवा हबवर भरवसा नसेल तर पुढचा शाफ्ट सरळ काढा आणि टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) चक्कर मारा. थरथर गेली, तर पुढचा. नाही गेली तर तो लावून मागचा काढा आणि फोर-हायमध्ये (पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टना जोर) चालवा. मागचा शाफ्ट नसल्यामुळे डांबरावरही गाडी अडकत नाही. जिप्सीचे शाफ्ट दोन्ही टोकांना फ्लँजवर बोल्टने बसतात, त्यामुळे ते काढल्यावर तेल सांडत नाही. काढण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर रंगाची एकच रेघ मारा, परत त्याच जागी बसायला हवा. आणि मागचा शाफ्ट काढलेला असताना गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर सोडून जाऊ नका. टू-हायमध्ये गिअर चाकांना धरतच नाही. चाकाखाली दगड लावा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर वाटून देणारी पेटी) यांच्यामधला छोटा शाफ्ट बिचारा नेहमी संशयात सापडतो. लिफ्टने त्याचा कोन बदलत नाही, कारण दोन्ही टोकं चेसिसवरच आहेत. तो बिघडतो ट्रान्स्फर केसचे रबर माउंट बसले की. तीन माउंट आहेत, एखादा फाटला की केस जोर येताच कलते. माउंट आधी बघून घ्या, कारण ते खराब असतील तर पुढे मोजलेला प्रत्येक कोन खोटा येईल.

मागचा शाफ्ट : पिनियन ट्रान्स्फर केसकडे बघतोय म्हणजे चांगलं, असं नाही

लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) टाकून मागून उचललेल्या गाडीत हे हमखास दिसतं. जिप्सीच्या मागच्या पाट्याचं पुढचं टोक पक्कं, मागचं शॅकलवर. शॅकल लांब केलं की पाट्याचं मागचं टोक चेसिसपासून खाली जातं, पाटा कलतो, त्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि पिनियनचं (डिफरन्शियलमधून शाफ्टकडे बाहेर येणाऱ्या दांड्याचं) नाक वर होतं. खालून बघणारा खूश होतो : "बघा, शाफ्ट कसा सरळ रेषेत आला."

एका साध्या क्रॉसला कोनात फिरवलं की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. १५ अंशांच्या कोनाला त्याची गती प्रत्येक फेरीत दोनदा साडेतीन टक्क्यांच्या आसपास वर आणि तेवढीच खाली जाते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक उलटी फिरवून पुसून टाकतो, पण त्याचा कोन पहिल्याइतकाच असेल तरच. म्हणजे ट्रान्स्फर केसचा बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. पिनियन शाफ्टकडे रोखलेला चालतो तो फक्त वर डबल कार्डन जॉइंट (एकाला एक जोडलेले दोन क्रॉस) असलेल्या शाफ्टला. मूळ जिप्सीला तो नाही.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी. टाकी भरलेली, नेहमीचं सामान आत. चारही कोपरे दोन-चार वेळा दाबून पाटे मोकळे करा. मग चुंबकाचं अँगल गेज किंवा मोबाइलमधलं लेव्हल, तीन जागी : ट्रान्स्फर केसचा फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लँज. फ्लँजवरचा चिखल आणि रंग घासून काढा, अर्धा अंश तिथेच चुकतो.

समजा ट्रान्स्फर केसचा शाफ्ट मागे २ अंश उतरता आहे, नळी १२ अंश, पिनियनची रेषा ७ अंश. वरच्या क्रॉसचा कोन १२ वजा २, म्हणजे १०. खालच्याचा १२ वजा ७, म्हणजे ५. पाच अंशांचा फरक. असा शाफ्ट नव्या क्रॉसवर काही काळ गप्प बसतो, कारण सगळं घट्ट असतं. जरा ढिला झाला की बोंब. फरक एक अंशाच्या आत आणायचा. पाट्याच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा एक-दीड अंश खालीच ठेवावं. या उदाहरणात पिनियन ७ वरून १च्या आसपास आणायचा, म्हणजे साधारण सहा अंशांचं वेज (पाटा आणि ॲक्सलच्या मधे घालायची पाचर).

वेज स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियमचं स्वस्त मिळतं, पण दाबाने आणि झटक्यांनी चिरतं, तुकडे उडतात, यू-बोल्ट ढिले होतात. जिप्सीत मूळ मांडणी पाटा खाली आणि ॲक्सल वर अशी आहे. त्यामुळे मागे पिनियन खाली आणायचा असेल तर वेजची जाड बाजू मागे येते. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर सगळं उलटं. बसवल्यावर पुन्हा मोजा. वेज उलटं बसलं की सहाऐवजी बारा अंशांनी गाडी चुकते, आणि ते चालवल्याशिवाय लक्षात येत नाही.

वेज घातलं की पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात पुरेसं शिरत नाही. तिथे लांब डोक्याचा बोल्ट हवा. कमान-पाटेवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय तो करत नाही. हे डोकं नीट बसलं नाही तर ॲक्सल यू-बोल्टच्या जोरावरच तग धरतो आणि एखाद्या दणक्यात सरकतो. संशय असेल तर दोन्ही बाजूंनी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. कारखान्यातून ते २३७५ मिमी आलेलं असतं. दोन बाजूंत बोटभर फरक दिसला तर शाफ्ट, क्रॉस, अलाइनमेंट सगळं बाजूला ठेवा, आधी ॲक्सल जागेवर आणा.

थरथर फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल आणि पाय काढताच जात असेल, तर पाटे पिळले जातायत. दमलेल्या जुन्या पाट्यांत आणि ॲक्सलवर घेतलेल्या पाट्यांत हे जास्त. उलट, पाय काढल्यावरच आवाज येत असेल तर पिनियनच्या बेअरिंगला खेळ आहे का ते शाफ्ट काढून हाताने हलवून बघा. लिफ्टच्या नावाखाली हा जुना आजार कितीदा तरी लपतो.

आणखी एक, झटपट : शाफ्टचा सरकता सांधा. गाडी उचलली की ट्रान्स्फर केस आणि ॲक्सलमधलं अंतर वाढतं आणि दातेरी भाग बाहेर ओढला जातो. जॅकवर ॲक्सल पूर्ण लोंबकळत ठेवा आणि किती दाते आत उरलेत ते बघा. कमी उरले असतील तर फ्लँजला स्पेसर किंवा लांब केलेला शाफ्ट, आणि लांब केला की बॅलन्सिंग. शाफ्ट उघडलाच असेल तर दोन्ही टोकांचे फाटे एका रेषेत आहेत ना हे बघा. एक दाता जरी पुढे-मागे बसला, तरी कोन कितीही नीट लावा, उपयोग शून्य.

स्टिअरिंग : कॅस्टर गेला

पुढे गोष्ट आणखी मजेशीर आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असतात. तिथे लांब शॅकल टाकलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो आणि किंगपिनचं (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिचं) वरचं टोक पुढे येतं. म्हणजे कॅस्टर, किंगपिनचा मागे कललेला कोन, कमी होतो. किती? पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत एक मीटर धरला आणि शॅकल ५ सेंमीने लांब केलं, तर सुमारे तीन अंश. मूळ कॅस्टरच साडेतीन अंशांच्या आसपास. उरलं काय? वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होणं बंद होतं, गाडी रस्ता शोधत चालते, आणि एखाद्या जोडावरून गेलं की चाकं वळवळायला लागतात ती थांबतच नाहीत.

एवढं करून त्या ५ सेंमी शॅकलने उंची किती मिळाली? अडीच सेंमी. शॅकलच्या वाढीव लांबीच्या निम्मीच उंची ॲक्सलवर मिळते. इंचभर उंचीसाठी सगळा कॅस्टर द्यायचा हा सौदा मला कधीच पटलेला नाही. उंची हवी तर पाटेच नवे, जास्त कमानीचे घ्यावेत. त्यात ॲक्सल जवळजवळ आहे त्याच कोनात खाली जातो. दीड-दोन इंचांपलीकडे रोजच्या वापराच्या जिप्सीला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टायर मोठा केल्याने मिळणारी उंची यात धरलेली नाही. ती तशीही थोडीच असते : २०५/७० आर १५ वरून २१५/७५ आर १५ वर गेलात तर ॲक्सल पावणेदोन सेंमी वर जातो, बस.

पुढे वेज घालून कॅस्टर परत आणता येतो. मूळ मांडणीत जाड बाजू पुढे. पण पुढच्या ॲक्सलचा पिनियन मागे तोंड करून आहे. कॅस्टर वाढवला की त्याचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. म्हणजे स्टिअरिंग बरं केलं की शाफ्ट कुरकुरतो, शाफ्ट बरा केला की स्टिअरिंग. परत परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ निम्म्या वेळा इथेच असतं : एका गॅरेजने वेज घातलं, दुसऱ्याने काढलं, दोघंही आपापल्या जागी बरोबर. फ्री व्हील हब असलेल्या गाडीत निर्णय सोपा आहे. कॅस्टरला झुकतं माप द्या, कारण पुढचा शाफ्ट डांबरावर फिरतच नाही आणि चिखलात वेग नसतो. हब नसतील तर आधी हब घ्या, मग वेज.

ट्रान्स्फर केस खाली घेऊन दोन्ही शाफ्टचे कोन कमी करायची युक्तीही लोक सुचवतात. होतात कमी. पण मग तो मधला छोटा शाफ्ट, ज्याला आतापर्यंत काही त्रास नव्हता, तो कोनात जातो, आणि आखूड असल्यामुळे त्याला एक सेंटीमीटरही फार होतो.

कॅस्टर ठीक आहे आणि तरी वळवळ आहे, तर ढिलाई शोधा. गाडी चाकांवर उभी, एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे झटके देत हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा), स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, आणि बॉक्स बसतो तिथलं चेसिस. जुन्या गाडीत तिथे केसासारखी चीर असते, मातीखाली दिसत नाही, वायर ब्रश मारावा लागतो. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हब बेअरिंग, राहिला तर किंगपिन. जिप्सीत किंगपिन बेअरिंगचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) लावतात, आणि ही बेअरिंग सैल पडणं हे वळवळीचं सगळ्यांत दुर्लक्षित कारण आहे. नकलचं (चाकाबरोबर वळणाऱ्या भागाचं) सील गळून तेल आणि ग्रीसचा काला बाहेर येत असेल तर ती उघडाच.

डँपर हे सगळं झाल्यावर. आधी लावला तर तो आजार झाकतो, आणि झाकलेली ढिलाई वाढत जाते.

लिफ्टनंतर स्टिअरिंगचं चाक तिरकं राहतं, ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करा. काही ठिकाणी चाकच काढून दात्यांवर फिरवून बसवतात. दिसायला सरळ, पण बॉक्स मध्यावर राहत नाही, एका बाजूला वळण कमी मिळतं आणि सरळ चालताना खेळ जाणवतो. ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे खेचत असेल तर ड्रॅग लिंक फार उतरती झालीय. त्याला खाली वाकवलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरचा दांडा) लागतो.

बुश दर पावसाळ्याला फाटतात?

हे कारण इतकं साधं आहे की कोणी मानत नाही. गाडी घोडीवर, ॲक्सल लोंबकळतोय, आणि त्याच अवस्थेत शॅकलचे बोल्ट कचकचून आवळलेत. रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर आणा, दाबून बसवा, मगच टॉर्क पान्याने आवळा. यू-बोल्ट मात्र प्रत्येक वेळी नवे. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. शंभर-दोनशे किमी झाले की पुन्हा पाना लावा, आणि पहिल्या ऑफरोडनंतर परत एकदा.

शॉकचे डोळे तुटत असतील तर शॉक आखूड पडतोय, ॲक्सलचं वजन त्याच्यावर लोंबतंय. शॉक फुटत असतील तर तो आतून टेकतोय आणि बंप स्टॉप (ॲक्सलला वर अडवणारे रबरी ठोकळे) खाली वाढवायला हवेत. दोन्ही टोकांना मोजून मगच शॉकची लांबी सांगा. "दोन इंच लिफ्टचे" म्हणून मिळतात ते सगळ्यांच्या गाडीला बसतातच असं नाही.

ब्रेकची रबरी नळी पूर्ण लोंबकळलेल्या ॲक्सलवर ताणली जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. यात पुढे-मागे बघणं नाही. मागच्या ॲक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडीही लिफ्टप्रमाणे जुळवून घ्या. चेसिस वर गेलं की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

लष्कराच्या लिलावातून किंवा कोकणातून आलेली गाडी असेल तर मागच्या पाट्याच्या हँगरजवळ हातोडीने ठोकून बघा. ठण् असा आवाज हवा. भद्द आला तर पत्रा गंजलाय, लिफ्टचं किट डिक्कीतच ठेवा आणि आधी वेल्डिंगवाल्याकडे जा.

शेवटचं, कागदांचं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. पंधरा वर्षं पूर्ण झालेली गाडी फेरनोंदणीला नेताना तपासणी होतेच. मूळ पाटे, शॅकल आणि शॉक भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, पोत्यात बांधून, डावं-उजवं लिहून ठेवा.